सर्वात जवळचा टॅग गिट कसा ठरवते, आणि उत्तर चुकीचे वाटल्यास नेमके कुठे पाहावे

आपल्या प्रश्नात गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाबद्दल तीन तक्रारी आहेत. गिटमध्ये नोंदवलेला प्रत्येक बदल म्हणजे कमिट, कमिटांचा स्वतंत्र प्रवाह म्हणजे शाखा, आणि एखाद्या कमिटला दिलेले नाव, बहुधा आवृत्तीचे, म्हणजे टॅग. ‘गिट डिस्क्राइब’ ही आज्ञा कमिटचे वर्णन जवळचा टॅग, त्यापासूनचे अंतर आणि हॅश (कमिटची ओळख असलेली अक्षरमाला) यांनी करते. मुख्य शाखेवर २.४.० हा टॅग लागून तीन आठवडे झाले, तरी डेव्हलप शाखेवर ‘गिट डिस्क्राइब’ चालवल्यास अजूनही २.३.०-२२४-जी९०३१७२४ असेच उत्तर येते. बिल्ड सर्व्हरवर (कोडपासून प्रोग्राम आपोआप तयार करणाऱ्या संगणकावर) तीच आज्ञा ‘कोणतीही नावे सापडली नाहीत’ असे सांगून थांबते. आणि दोन सहकाऱ्यांच्या संगणकांवर एकाच कमिटचे वर्णन वेगवेगळे येते: एकाकडे २.३.०-२२४, तर दुसऱ्याकडे ‘डेमो-१७’ असे काहीतरी. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत, पण तिन्ही वेळा गफलत ‘जवळचा’ या शब्दाच्या अर्थापाशी होते, म्हणून आधी त्याचा नीट विचार करू.

आपण सहजपणे जवळचा टॅग म्हणतो तेव्हा मनात तीन वेगवेगळ्या कल्पना असू शकतात: कालक्रमाने सर्वात अलीकडे लावलेला टॅग, आवृत्तीच्या आकड्याने सर्वात मोठा टॅग, किंवा कमिटांच्या आलेखात सर्वात कमी पावलांवर असलेला टॅग. गिट यांपैकी एकही कल्पना वापरत नाही. ते दोन गोष्टी पाहते. पहिली अट अशी की टॅग लावलेला कमिट हा दिलेल्या कमिटचा पूर्वज असला पाहिजे, म्हणजे पालकांच्या, म्हणजे लगेच आधीच्या कमिटांच्या, दुव्यांवरून मागेमागे गेल्यास तो सापडला पाहिजे. असे पूर्वज असलेले अनेक टॅग सापडले, तर ज्या टॅगच्या इतिहासात नसलेले कमिट आपल्या इतिहासात सर्वात कमी आहेत, तो टॅग निवडला जातो. उत्तरातला मधला आकडा म्हणजे हीच संख्या. शेवटच्या भागातले ‘जी’ हे अक्षर गिटचे आद्याक्षर असून हॅशचा भाग नाही. अनेक स्क्रिप्ट ते काढायला विसरतात आणि मग कमिट सापडत नाही म्हणून तक्रार करतात.

हा नियम ध्यानात घेतला की पहिली तक्रार आकड्यांनिशी उलगडता येते. आपण दिलेल्या माहितीवरून इतिहास असा दिसतो. २.३.० हा टॅग जिथे आहे तिथूनच डेव्हलप शाखा निघाली. त्यानंतर डेव्हलपवर १८० कमिट झाले आणि तिथून २.४ साठीची रिलीज शाखा काढली गेली. रिलीज शाखेवर ६ कमिट झाले, त्याच काळात डेव्हलपवर आणखी १२ कमिट झाले. मग रिलीज शाखा मुख्य शाखेत मर्ज केली, म्हणजे दोन्हींचा इतिहास जोडणारा नवा कमिट केला, आणि त्या मर्ज कमिटवर २.४.० हा टॅग लावला. स्वतंत्रपणे तीच रिलीज शाखा डेव्हलपमध्येही मर्ज केली, आणि त्यानंतर डेव्हलपवर २५ कमिट झाले. आता मोजा: १८०, ६, १२, एक मर्ज आणि २५, असे एकूण २२४. आकडा तंतोतंत बरोबर आहे. गिटने काहीही चुकवलेले नाही.

अडचण अशी आहे की २.४.० हा टॅग ज्या मर्ज कमिटवर आहे, तो फक्त मुख्य शाखेवर आहे. डेव्हलपमध्ये रिलीज शाखेतले सहाही कमिट पोहोचले, पण टॅग असलेला मर्ज कमिट पोहोचलाच नाही, त्यामुळे तो डेव्हलपचा पूर्वज नाही. २०१० मध्ये व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी मांडलेल्या आणि पुढे गिट-फ्लो या नावाने पसरलेल्या शाखापद्धतीत रिलीज शाखा दोन्हीकडे मर्ज करायला सांगितली आहे आणि टॅग मुख्य शाखेवर लावायला सांगितला आहे. ती पद्धत अक्षरशः पाळली की हा प्रकार दर रिलीजला होणारच. माझ्याकडे आलेल्या ‘डिस्क्राइब जुनाच टॅग दाखवतो’ या प्रकारच्या प्रश्नांत हे कारण इतक्या वेळा निघाले आहे की मी आता सर्वात आधी तेच तपासतो.

तपासण्याची आज्ञा सोपी आहे. ‘गिट मर्ज-बेस --इज-अँसेस्टर २.४.० डेव्हलप’ चालवून तिचा परतीचा संकेतांक पाहावा. शून्य आला तर टॅग पूर्वज आहे, एक आला तर नाही. किंवा ‘गिट टॅग --मर्ज्ड डेव्हलप’ चालवून येणाऱ्या यादीत २.४.० आहे का ते पाहावे. या यादीत जो टॅग नाही, तो डिस्क्राइबच्या उत्तरात कधीही येऊ शकत नाही, मग आपण कितीही पर्याय बदलून पाहिले तरी. इथेच पुष्कळ लोकांचा वेळ जातो: टॅग डोळ्यांसमोर दिसत असतो, ‘गिट टॅग’च्या यादीत असतो, आणि तरी तो पूर्वज नसतो.

उपाय म्हणजे रिलीज शाखा डेव्हलपमध्ये मर्ज करण्याऐवजी २.४.० हा टॅगच डेव्हलपमध्ये मर्ज करणे. आपल्या बाबतीत रिलीज शाखेचे मर्ज होऊन गेले आहे, तरीही आता टॅगचे मर्ज करता येईल. फाइलींत काहीच बदल होणार नाही, फक्त नवा मर्ज कमिट तयार होईल. त्यानंतर उत्तर २.४.०-३९ असे येईल. हा ३९ कसा आला तेही पाहून ठेवा: १२, जुने मर्ज एक, २५, आणि आत्ताचे मर्ज एक. आता एक बाब मुद्दाम लक्षात आणून देतो. या नव्या मर्ज कमिटपासून टॅग लावलेल्या कमिटपर्यंत आलेखात अवघे एक पाऊल आहे, कारण तो त्याचा थेट पालक आहे. तरी आकडा ३९ येतो, एक येत नाही. हे अंतर म्हणजे रस्त्याची लांबी नसून दोन इतिहासांतला फरक आहे, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. शंका असल्यास ‘गिट रेव्ह-लिस्ट --काउंट २.४.०..डेव्हलप’ ही आज्ञा नेमका हाच आकडा देते, आणि डिस्क्राइबच्या उत्तराची पडताळणी मी नेहमी तिच्यानेच करतो.

याच्या उलट बाजूचा गोंधळही होतो. समजा मुख्य शाखेवर ३.०.० ची बीटा आवृत्ती टॅग झाली आहे, आणि काल जुन्या २.९ शाखेवर पाच कमिटांची दुरुस्ती करून २.९.१ हा टॅग लावला आणि ती शाखा मुख्य शाखेत मर्ज केली. २.९.१ हा टॅग कालचा आहे, तरी डिस्क्राइब बीटाचेच नाव देईल, कारण २.९ नंतर मुख्य शाखेवर झालेले शेकडो कमिट २.९.१ च्या इतिहासात नाहीत, तर बीटाच्या इतिहासात त्यांतले बहुतेक आहेत. हे उत्तर योग्यच आहे. आकड्याने मोठा किंवा तारखेने ताजा टॅग हवा असेल, तर डिस्क्राइब हे त्यासाठीचे साधन नाही. त्यासाठी टॅगांची यादी आवृत्तीनुसार किंवा तारखेनुसार लावून घ्यावी.

आता दुसरी तक्रार. बिल्ड सर्व्हर बहुधा पूर्ण इतिहास आणतच नाही. गिटहब अ‍ॅक्शन्समधली चेकआउट ही कोड आणण्याची नेहमीची कृती मूलतः फक्त एक कमिट आणते आणि टॅग आणत नाही. गिटलॅबवर नव्या प्रकल्पांसाठी मूळ खोली, म्हणजे आणल्या जाणाऱ्या इतिहासाची लांबी, २० कमिटांची असते. इतिहासच नाही तर पूर्वज कुठून सापडणार? गिटहबवर ‘फेच-डेप्थ’ला शून्य ही किंमत दिली की पूर्ण इतिहास आणि टॅग दोन्ही येतात. आधीच झालेल्या उथळ क्लोनमध्ये (इतिहास अर्धवट असलेल्या प्रतीत) ‘गिट फेच --अनशॅलो --टॅग्ज’ चालवावे.

मात्र ‘नावे सापडली नाहीत’ ही चूक मिळाली याचा मला खरे तर आनंद वाटतो, कारण बिल्ड तिथेच थांबते आणि कुणीतरी लक्ष घालते. याहून घातक प्रकार म्हणजे खोली वीस किंवा पन्नास ठेवलेली असते, टॅग तेवढ्या अंतरात योगायोगाने सापडतो, पण मर्ज झालेल्या एखाद्या लांब शाखेचा मागचा भाग कापला गेलेला असतो. तेव्हा डिस्क्राइब निमूटपणे उत्तर देते आणि त्यातला आकडा चुकीचा असतो. मी पूर्वी काम करत असलेल्या एका ठिकाणी हा आकडा बिल्ड क्रमांक म्हणून उपकरणांत भरला जात असे. लांब शाखा मर्ज झाल्यावर सर्व्हरवरचा आकडा आणि विकासकांच्या संगणकांवरचा आकडा जुळेना, आणि ग्राहकाकडे नेमका कोणता कोड चालू आहे हे ठरवण्यात आमचे दोन दिवस गेले. तेव्हापासून आवृत्ती काढणाऱ्या बिल्डमध्ये मी ‘गिट रेव्ह-पार्स --इज-शॅलो-रिपॉझिटरी’ ही तपासणी घालतो आणि उत्तर होकारार्थी आले तर बिल्ड तिथेच नापास करतो.

रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास यांचा साठा) फार मोठी असल्यामुळे पूर्ण इतिहास आणणे परवडत नाही, असा आक्षेप येतो. डिस्क्राइबला फाइलींचा मजकूर लागत नाही, फक्त कमिट आणि टॅग लागतात. म्हणून उथळ क्लोनऐवजी ‘--फिल्टर=ब्लॉब:नन’ हा पर्याय देऊन आंशिक क्लोन घ्यावा: कमिटांचा इतिहास पूर्ण येतो, जुन्या फाइलींचा मजकूर येत नाही, आणि आकडा बरोबर निघतो. बिल्ड कंटेनरमध्ये (संगणकातल्या वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) चालत असेल तर आणखी एक कारण तपासा. एप्रिल २०२२ मधल्या गिट २.३५.२ पासून रिपॉझिटरीच्या फोल्डरचा मालक आणि आज्ञा चालवणारा वापरकर्ता वेगळे असतील तर गिट काम करायलाच नकार देते. आवृत्ती काढणाऱ्या स्क्रिप्टने चुकांचे संदेश गिळून टाकले असतील, तर हा नकारही टॅग नसल्यासारखाच दिसतो. म्हणून तपास करताना तरी चुकांचे संदेश कुठेही वळवू नयेत.

तिसऱ्या तक्रारीत कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती एकमेकांत मिसळतात. टॅगचे दोन प्रकार असतात. अ‍ॅनोटेटेड टॅग ही स्वतंत्र वस्तू असते, तिच्यात टॅग लावणाऱ्याचे नाव, तारीख आणि संदेश असतो. लाइटवेट टॅग म्हणजे कमिटकडे बोट दाखवणारे नुसते नाव. डिस्क्राइब मूलतः फक्त अ‍ॅनोटेटेड टॅग विचारात घेते, आणि यामागचा विचार मला पूर्ण पटतो: रिलीजसाठी अ‍ॅनोटेटेड आणि स्वतःच्या तात्पुरत्या खुणांसाठी लाइटवेट. आपल्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये ‘--टॅग्ज’ हा पर्याय दिलेला आहे, त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच पंक्तीत बसतात. आपल्या सहकाऱ्याने प्रात्यक्षिकापूर्वी ‘डेमो’ नावाची खूण स्वतःच्या संगणकावर केली असणार, आणि ती १७ कमिट मागे असल्यामुळे २२४ कमिट मागच्या २.३.० ला तिने मागे टाकले. ‘गिट कॅट-फाइल -टी डेमो’ चालवल्यास उत्तर ‘कमिट’ असे आले तर टॅग लाइटवेट आहे, ‘टॅग’ असे आले तर अ‍ॅनोटेटेड. टॅगवरून आवृत्ती ठरवणारे पायथनचे सेटअपटूल्स-एससीएम हे साधनही मूलतः ‘--टॅग्ज’ वापरते, म्हणून ते वापरणाऱ्यांनी ही बाब विशेष जपावी.

‘--टॅग्ज’ काढून टाकण्यापूर्वी आपले जुने रिलीज टॅग खरोखर अ‍ॅनोटेटेड आहेत ना, ते मात्र पाहून घ्या. ते लाइटवेट असतील, तर ‘अ‍ॅनोटेटेड टॅग सापडला नाही, पण लाइटवेट टॅग आहेत’ अशा आशयाचा संदेश येईल किंवा, त्याहून वाईट, एखादा फार जुना अ‍ॅनोटेटेड टॅग उत्तरात येईल. अशा वेळी ‘--मॅच’ हा पर्याय देऊन फक्त अंकाने सुरू होणारी नावे विचारात घ्यायला सांगणे अधिक सुरक्षित. त्याला द्यायचा नमुना शेलमधल्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या) फाइलनावांच्या नमुन्यासारखा असतो, रेग्युलर एक्स्प्रेशन नसतो, आणि तो अवतरणचिन्हांत द्यावा, नाहीतर शेलच त्याचा विस्तार करून बसेल.

दोन संगणकांवर टॅगच वेगळे असण्याचे आणखी एक कारण म्हणजे हलवलेला टॅग. कुणीतरी २.४.० चुकीच्या कमिटवर लावला, काढला, आणि दुसरीकडे लावला. ज्यांनी आधी फेच केले होते, म्हणजे दूरस्थ रिपॉझिटरीतून इतिहास आणला होता, त्यांच्याकडे जुनाच टॅग राहतो, कारण डिसेंबर २०१८ मधल्या गिट २.२० पासून फेच करताना स्थानिक टॅग सक्ती केल्याशिवाय बदलला जात नाही. म्हणून ‘गिट एलएस-रिमोट --टॅग्ज’ने दूरस्थ टॅगांचे हॅश काढून स्थानिक टॅगांशी ताडून पाहावेत. प्रसिद्ध केलेला टॅग हलवू नये, नवा क्रमांक घ्यावा, या मतावर मी ठाम आहे; एकदा हलवलेल्या टॅगवर कुणी पूर्ण भरवसा ठेवू शकत नाही.

टॅग आणि आकडा दोन्ही जुळतात आणि फक्त शेवटचा हॅश लहानमोठा दिसतो, असेही होते. संक्षिप्त हॅशची लांबी गिट रिपॉझिटरीतल्या वस्तूंच्या संख्येनुसार स्वतः ठरवते, त्यामुळे ज्याच्याकडे जास्त शाखा आणल्या आहेत त्याच्याकडे एखादा अंक अधिक येऊ शकतो. आवृत्तीची अक्षरमाला फाइलच्या नावात वापरत असाल तर ‘--अ‍ॅब्रेव्ह=१२’ असे लिहून लांबी पक्की करावी. लिनक्स कर्नलची आवृत्ती काढणारी स्क्रिप्टही बारा अंकच वापरते.

ही सगळी कारणे बाजूला सारली आणि तरीही उत्तर पटत नसेल, तर ‘गिट डिस्क्राइब --डिबग’ चालवावे, आणि ते वाचण्यासाठी आतला शोध कसा चालतो ते माहीत असावे. ही आज्ञा मुळात गिटचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिली, आणि शॉन पिअर्स यांनी नंतर तिच्यात मोठे बदल केले. शोध दिलेल्या कमिटपासून सुरू होतो. पुढचा कमिट नेहमी कमिटरच्या (कमिट नोंदवणाऱ्याच्या) तारखेनुसार, सर्वात ताजा आधी, असा घेतला जातो. वाटेत टॅग असलेला कमिट भेटला की तो उमेदवार म्हणून नोंदवला जातो, आणि त्याच्या पूर्वजांवर त्या उमेदवाराची खूण पुढे सरकत जाते. यापुढे ज्या कमिटवर एखाद्या उमेदवाराची खूण नसेल, त्या कमिटमागे त्या उमेदवाराचा आकडा एकने वाढतो. शेवटी सर्वात कमी आकड्याचा उमेदवार जिंकतो, आणि आकडे सारखे असतील तर आधी सापडलेला.

या वर्णनातून दोन कच्चे दुवे दिसतात. पहिला म्हणजे उमेदवारांची मर्यादा: ती मूलतः १० आहे. अकरावा टॅग भेटला की शोध तिथेच सोडला जातो, आणि डिबगच्या मजकुरात दहापेक्षा अधिक टॅग सापडल्याचे व कोणत्या कमिटपाशी शोध सोडला त्याचे वाक्य येते. ज्या रिपॉझिटरीत रोज रात्री एक टॅग लागतो, किंवा एकाच ठिकाणी पंधरा-वीस घटकांचे टॅग नांदतात, तिथे खरा जवळचा टॅग या दहांत नसू शकतो. ‘--कँडिडेट्स’ने मर्यादा वाढवता येते, पण मी ‘--मॅच’ अधिक पसंत करतो, कारण नमुन्यात न बसणारी नावे उमेदवारच होत नाहीत आणि दहा जागा आपल्या घटकाच्या टॅगांनाच मिळतात. डिबगच्या यादीत जिंकलेल्या टॅगचा आकडा पूर्ण मोजलेला असतो. बाकीच्या ओळींतले आकडे शोध थांबला तिथपर्यंतचेच असू शकतात. त्यामुळे त्या ओळींची आपसात तुलना करून निष्कर्ष काढू नका, प्रत्येक टॅगसाठी रेव्ह-लिस्टने वेगळी मोजणी करा.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे तारीख. घड्याळ चुकलेल्या संगणकावरून आलेले कमिट शोधाचा क्रम बिघडवतात, आणि मर्यादा आड येत असेल तर भलतेच टॅग आधी जागा अडवतात. इथे पाहायची ती कमिटरची तारीख, लेखकाची नव्हे. रीबेस केल्यावर, म्हणजे कमिट नव्या पायावर पुन्हा रचल्यावर, लेखकाची तारीख जुनीच राहते आणि कमिटरची बदलते. ‘गिट लॉग --फॉरमॅट=फुलर’ दोन्ही तारखा दाखवते. हा प्रकार विरळा आहे, म्हणून तो शेवटी तपासावा.

एकाच कमिटवर ‘२.४.०-आरसी३’ आणि २.४.० असे दोन अ‍ॅनोटेटेड टॅग असतील, तर ज्याची टॅग लावण्याची तारीख नंतरची त्याचे नाव येते. लाइटवेट टॅगांना स्वतःची तारीखच नसल्यामुळे हा निवाडा करता येत नाही, आणि अंतिम आवृत्तीच्या बिल्डवर चाचणी आवृत्तीचे नाव छापले जाऊ शकते. रिलीजसाठी अ‍ॅनोटेटेड टॅगांचाच आग्रह धरण्याचे हे आणखी एक सबळ कारण.

आपण शेवटी विचारले आहे की एखादी दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत प्रथम आली, हे डिस्क्राइबने कळेल का. साध्या रूपात कळणार नाही, कारण ते मागे पाहते. लिनक्स कर्नलमध्ये एखादा विकासक दोन आवृत्त्यांमागच्या टॅगवरून काम सुरू करतो आणि ते काम पुष्कळ नंतर मुख्य शाखेत येते; त्या कमिटचे वर्णन तो जिथून निघाला त्या जुन्या टॅगचेच येते. पुढच्या दिशेने पाहायचे असेल तर ‘गिट डिस्क्राइब --कंटेन्स’ वापरावे, किंवा ‘गिट टॅग --कंटेन्स’ने तो कमिट ज्यांच्या इतिहासात आहे अशा सर्व टॅगांची यादी घ्यावी.

आपला दुसरा संघ मर्क्युरियलवर (गिटसारख्याच दुसऱ्या साधनावर) आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून तेवढा फरक सांगतो. तिथे टॅग ही ‘.एचजीटॅग्ज’ या फाइलमधली नोंद असते आणि ती फाइल स्वतः कमिट होते, त्यामुळे टॅग लावताक्षणी शाखेचे टोक टॅगपासून एक कमिट पुढे गेलेले असते. ‘लेटेस्टटॅगडिस्टन्स’ हा आकडा टॅगपर्यंतच्या सर्वात लांब रस्त्याची लांबी सांगतो, तर ‘चेंजेससिन्सलेटेस्टटॅग’ हा टॅगच्या इतिहासात नसलेल्या बदलांची संख्या सांगतो. गिटच्या मधल्या आकड्याशी जुळणारा आहे तो दुसरा. दोन्ही संघांचे बिल्ड क्रमांक एकाच तक्त्यात ठेवत असाल, तर मर्क्युरियलच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याऐवजी दुसरा घालावा लागेल.